डॉक्टर गोड बोलायला लागले

माझा आवाज मोठा आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते तो मोठा नसून वाईट आहे, पण ते घरगुती मत झालं, त्याला शास्त्रीय आधार नाही. माझा दवाखाना रस्त्याच्या कडेला, तळमजल्यावर, केमिस्टच्या दुकानाला लागून. बाहेर एक लाकडी बाक, मध्ये एक हिरवा पडदा आणि पडद्यामागे मी. मी पेशंटशी जे बोलतो ते बाकावर ऐकू जातं, केमिस्टकडे ऐकू जातं आणि वाऱ्याची दिशा बरी असली तर पलीकडच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा थांबतो म्हणतात. "जिना चढताना दम लागतो म्हणे! वजन बघा स्वतःचं! तुमची तक्रार जिन्यानं करायला हवी!" अशी साधारण माझी तपासणी चालते. लोक ह्याला ओरडणं म्हणतात. मी ह्याला निदान म्हणतो.

इतकी वर्षं ह्यात कोणाला काही खटकलं नव्हतं. लोक येत, बोलणी खात, चिठ्ठी घेत आणि बरे होत. बरं झालेलं माणूस डॉक्टरकडे फिरकत नाही हा जगाचा नियमच आहे, आणि मी त्याबद्दल कधी कोणाला दोष दिला नाही. फक्त रस्त्यात भेटल्यावर ओरडलो असेन.

मग समोर काचवाले आले. ह्या संस्थेला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण इमारत नखशिखांत काचेची असल्यामुळे सगळी गल्ली त्यांना काचवालेच म्हणते. दार आपोआप उघडायचं. आत मासे. एक अदृश्य बाई मंजुळ आवाजात नंबर पुकारायची. मोबाईलवर त्यांचं ॲप घेतलं की ते ॲपच विचारायचं, आज पोट साफ झालं का म्हणून. आणि निघताना 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?' आता मला सांगा, इंजेक्शन टोचून घेतलेला माणूस तारे देईल की मोजेल? पण लोक देत होते. माझ्या बाकावरची माणसं हळूहळू रस्ता ओलांडून जायला लागली, आणि जाताना माझी नजर चुकवायला छत्री आडवी धरायला लागली. आकाश निरभ्र असताना.

थोड्याच दिवसांत काचवाल्यांचे मॅनेजर फुलांचा गुच्छ घेऊन माझ्याकडे आले. हा माणूस सतत हसतो. बसताना हसतो, उठताना हसतो, ठेच लागली तरी हसतो. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमची ही जागा आम्हाला रक्ताचे नमुने गोळा करायला फार सोयीची आहे. आणि तुम्ही आमच्याकडे या ना, वरिष्ठ सल्लागार म्हणून. दुसऱ्या मजल्यावर खोली, कोटावर तुमचं नाव भरतकामात."

"आणि पेशंट?"

"ते ॲप पाठवील."

"आणि मी त्यांच्याशी बोलायचं काय?"

"ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर येईल. तुम्ही फक्त वाचायचं." ते हसले. "महिनाअखेरीस सांगितलंत तरी चालेल. घाई काहीच नाही."

मला दवाखाना सोडायचा नव्हता, हे सरळच सांगतो. त्या हिरव्या पडद्यामागे माझं आयुष्य गेलं. ह्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे टॉन्सिल मी त्यांच्या आईवडिलांच्या आधी पाहिलेत. पण बाक रिकामा पडला की डॉक्टर नुसता खुर्चीवर बसलेला एक गृहस्थ उरतो. मी वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचायला लागलो होतो, आणि त्याही संपत आल्या होत्या.

अशा वेळी माणसाच्या मदतीला देव धावतो किंवा मेहुणा. माझ्याकडे मेहुणा धावला. सौभाग्यवतींचे हे धाकटे बंधुराज जाहिरातीच्या धंद्यात आहेत. त्यांच्या एका गादीच्या जाहिरातीमुळे म्हणे अर्धा देश झोपला. त्यांनी दवाखान्यात पाऊल टाकलं, बाकाकडे पाहिलं, पडद्याला हात लावला, बोटं हुंगली आणि म्हणाले, "भावजी, तुमचा प्रॉब्लेम औषधाचा नाही. कम्युनिकेशनचा आहे. तुम्हाला ब्रँडच नाही."

"मला रक्तदाब आहे. तेवढा पुरे."

"इंडस्ट्री बदलली, भावजी. लोकांना आता उपचार नको असतो, अनुभव हवा असतो."

"जुलाबाचा अनुभव कोणाला हवा असतो?"

ह्यावर बंधुराजांनी माझ्याकडे, मी मुदत टळून गेल्यावर आलेल्या पेशंटकडे बघतो तसं पाहिलं. डॉक्टरनं जाहिरात करायची नसते, आमच्या धंद्याला ते शोभत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, ही जाहिरात नाहीच, हा संवाद आहे. तुम्ही फक्त गोड बोलायचं, हसायचं, आणि बाहेर एक बरी पाटी लावायची. इतकं साधं काम. पाटी! मी म्हटलं, पाटीनं काय होतंय. ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते नंतर कळतं.

पाटीची बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. आजारपणात जे लोक माझा सल्ला ऐकत नाहीत ते सगळे मला सल्ला द्यायला आले. केमिस्ट म्हणाला, निळा रंग घ्या, निळ्या पाकिटातल्या गोळ्या लवकर संपतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, हिरवा घ्या, डोळ्यांना थंडावा मिळतो. मी म्हटलं डोळ्यांचा दवाखाना नाही हा. त्या म्हणाल्या, म्हणून तर, जास्त थंडावा नको, फिका हिरवा घ्या. आमचे पोस्टमास्तर, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, माझे सर्वांत जुने पेशंट आणि बुद्धिबळातले शत्रू, त्यांनी मात्र एकच सांगितलं. "पाटी वाचायला कोण येतंय तुमच्याकडे? तुम्ही लांबूनच ऐकू येता."

पाटीवर माझा हसरा चेहरा हवा, असा बंधुराजांचा हट्ट. घरातले सगळे फोटो उपसले, त्यांत मी हसताना सापडेना. शेवटी एका समारंभातला एक सापडला, त्यात मी दात काढून हसत होतो. खरं म्हणजे तो शिंक येण्याच्या आधीचा क्षण होता, पण पेंटरला ते कळायचं कारण नव्हतं. त्यानं चेहरा झकास रंगवला. खाली घोषवाक्य लिहिलं, 'शेवटपर्यंत तुमच्या सोबत'. केमिस्ट म्हणाला, "ते शेवट जरा..." पण बंधुराजांनी त्याला गादीचं उदाहरण देऊन गप्प केलं.

पाटीच्या परवानगीसाठी मी पालिकेच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी चित्र उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं.

"हा नामफलक आहे की जाहिरात?"

"नामफलक."

"फलकावर आमिष दाखवणारं चित्र असेल तर जाहिरात होते."

"साहेब, हा माझा चेहरा आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा चित्राकडे पाहिलं आणि हे आमिष होऊ शकत नाही हे ताबडतोब मान्य केलं. इतकं ताबडतोब करायची गरज नव्हती. "पण दात दिसताहेत," ते म्हणाले. "दात दिसले की जाहिरात. ओठ मिटलेले असले की नामफलक. जाहिरातीची खिडकी वेगळी आहे आणि ती सध्या रजेवर आहे."

परत येऊन पेंटरकडून ओठ मिटवून घेतले. गाल हसरेच राहिले, डोळे हसरेच राहिले, फक्त तोंड बंद झालं. आता पाटीवरचा मी, तोंडात चटका देणारा चहा धरून कोणाचं तरी भाषण ऐकत असल्यासारखा दिसत होतो. पण पाटी पास झाली आणि लागली.

इकडे घरी माझं शिक्षण सुरू होतं. बंधुराजांनी मला आरशासमोर उभं करून हसायला लावलं. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "दाढ दुखतेय का?" वाक्यंही पाठ करायची होती. 'आपण आलात, बरं वाटलं.' 'निवांत बसा, आपल्याकडे वेळच वेळ आहे.' 'अजिबात काळजी करू नका.' शिवाय दर संध्याकाळी प्रत्येक पेशंटच्या मोबाईलवर माझ्या नावानं आपोआप एक निरोप जायचा, 'आज कसं वाटतंय?' ही सोय बंधुराजांनी कुठूनशी बसवून दिली होती. ओरडायची ऊर्मी आली की नाकानं श्वास घ्यायचा आणि मनातल्या मनात मासे आठवायचे, अशी युक्तीही त्यांनी शिकवली.

पहिलं गिऱ्हाईक, नव्हे, बंधुराजांच्या भाषेत पहिले पाहुणे, पोस्टमास्तर. त्यांना दर थोड्या दिवसांनी खोकला होतो, कारण ते पंखा नाकासमोर लावून झोपतात. हे मी त्यांना इतक्या वेळा आणि इतक्या आवाजात सांगितलंय की सलूनवाल्यानंही भीतीनं आपल्या दुकानातला पंखा हलवला. त्या दिवशी ते बसले, खोकले आणि सवयीनं खांदे आवळून डोळे मिटून थांबले.

मी हसलो. त्यांचा हात हातात घेतला. "आपण आलात, बरं वाटलं."

पोस्टमास्तरांनी एक डोळा उघडला.

"निवांत बसा. आपल्याकडे वेळच वेळ आहे."

त्यांनी दुसराही उघडला. "डॉक्टर, काय झालंय?"

"काही नाही हो. साधा खोकला. शक्य झालं तर पंख्याचा वेग जरा कमी ठेवलात तर आम्हाला आवडेल. अजिबात काळजी करू नका."

पोस्टमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते बराच वेळ पाटीवरच्या घोषवाक्याच्या दिशेनं पाहत राहिले. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुम्ही फार केलंत माझ्यासाठी." आणि गेले. पडद्याआडून पाहणारे बंधुराज कुजबुजले, "इमोशनल कनेक्ट, भावजी! पहिल्याच बॉलला!"

पुढचे दिवस असेच सोन्यासारखे गेले. शिवणवाल्या ताई टाच दुखते म्हणून आल्या. मी "निवांत बसा" म्हणताच ढसाढसा रडल्या, जाताना वाकून नमस्कार करून गेल्या. हार्डवेअरवाले थोरले आले, पित्त झालं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी विचारलं, "घरच्यांना सांगू का?" मी म्हटलं, "अवश्य सांगा, घरच्यांचा आधार मोठा असतो." गोड बोलण्याचा असा परिणाम होत असेल तर इतकी वर्षं मी घशाच्या शिरा उगाच ताणल्या, असं मला मनापासून वाटायला लागलं. संध्याकाळच्या 'आज कसं वाटतंय?'ला उत्तरंही भरभरून यायची. 'आता शांत वाटतंय.' 'कोणाबद्दल मनात काही नाही.' एकानं विचारलं होतं, 'किती दिवस?' बंधुराज म्हणाले, त्यांना ऑफर वाटली असेल.

गल्लीतही मोठा बदल दिसू लागला. हार्डवेअरवाल्या थोरल्या आणि धाकट्या भावांची दुकानं शेजारी शेजारी, पण कित्येक वर्षांत एकमेकांशी शब्द नव्हता. त्यांनी भर रस्त्यात मिठी मारली, एक पत्र्याची बादली त्यांत चेपली. शिवणवाल्या ताईंनी ज्यांची कापडं दोन-दोन वर्षं अडकवून ठेवली होती त्यांची घरी नेऊन दिली, न शिवता, पण आशीर्वादासकट. पोस्टमास्तरांचं त्यांच्या डोक्यावर राहणाऱ्या वरच्या वहिनींशी कुंड्यांच्या पाण्यावरून हाडवैर, त्यांनी स्वतः निरोप पाठवला, सांडू द्या पाणी, किती दिवसांचा प्रश्न आहे. इतकं सौजन्य पाहून मी थक्क झालो. एका पाटीनं समाज इतका सुधारतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

एकच गोष्ट कळेना. बाक काही भरेना. माझ्याकडून निघालेला प्रत्येक माणूस केमिस्टकडे न जाता थेट रस्ता ओलांडून काचेच्या दारात शिरत होता. तिथं रांग लागायला लागली. एके सकाळी मॅनेजर स्वतः मोठा गुच्छ घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, आभार कसे मानावेत कळत नाही. आमच्याकडे तपासण्यांची संख्या दुप्पट झाली. सगळे सांगतात, डॉक्टर काही बोलत नाहीत, म्हणून आलो."

"मी बोलत नाही? मी आयुष्यात एवढं बोललो नाही!"

"आमच्याकडे सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात," ते हसत हसत म्हणाले, "पण आम्हीही गोडच सांगतो ना, त्यामुळे त्यांचा विश्वास बसत नाही. मग ते आणखी तपासण्या करतात. बरं, महिनाअखेर जवळ आली, बरं का. तुमची खोली रंगवायला घेतलीय."

मी मासे आठवले. पण आता मासेही काचेतून माझ्याकडे पाहून हसत होते. माझ्या जाहिरातीनं, म्हणजे संवादानं, समोरच्याचं दुकान भरत होतं आणि माझं उठत होतं. दुपारी मान खाली घालून मी जेवायला घरी गेलो.

सौभाग्यवतींना सर्दी झाली होती. दोन शिंका आणि लाल नाक, एवढंच. एरवी मी दारातूनच सुरू झालो असतो, 'ओल्या केसांनी गच्चीत जायचं कोणी सांगितलं होतं?' पण जिभेला वळण लागलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तू निवांत बस. चहा मी करतो. अजिबात काळजी करू नकोस."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. खुर्ची ओढून बसली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "खरं सांगा. काय झालंय मला?"

"अगं, सर्दी."

"नका लपवू. मी ऐकून घेईन."

"काय लपवू? सर्दी आहे!"

"तुम्ही माझ्याशी असं एकदाच बोलला होतात," ती म्हणाली. "बाबांच्या वेळी. हॉस्पिटलच्या पायरीवर. 'बस जरा' एवढंच म्हणालात, हळू. मला तेवढ्यावरून कळलं होतं."

मी दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"अहो, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे हे," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही ओरडलात की काही नाही, साधं दुखणं, घरी जा. तुमचा आवाज खाली आला की समजायचं, काहीतरी मोठं आहे. लोक बाकावर बसून तेच तर ऐकतात. आतून ओरडा ऐकू आला की बाहेरच्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. वाईट बातमी असली की माझा आवाज आपोआप बसतो. तिथं कोणावर ओरडणार? पण ते कोणी ऐकत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात डोळ्यांसमोर एकेक चेहरा यायला लागला. रडणाऱ्या शिवणवाल्या ताई. पत्र्याची चेपलेली बादली. 'किती दिवस?' विचारणारा. पोस्टमास्तर! मी कपाळाला हात लावला.

"अरे देवा, मी सगळी गल्ली मारून ठेवली की!"

"मला मात्र सर्दीच आहे ना?"

"ओल्या केसांनी गच्चीत गेली होतीस ना? गेली होतीस ना?" मी ओरडलो. तिचं लाल नाक आनंदानं आणखी लाल झालं, आणि मी चपला उलट्या पायांत घालून धावत सुटलो.

पोस्टमास्तरांच्या दारात परगावचे जोडे. त्यांची मुलगी मुलाबाळांसकट आली होती, तिच्या सासूबाई आल्या होत्या, त्यांची एक आत्याही आली होती, जी कोणाची आत्या हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पोस्टमास्तर पलंगावर हात छातीवर घेऊन पडले होते. खाणंपिणं सोडलेलं. बुद्धिबळाचा पट उशाशी, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली, 'डॉक्टरांना'. मी दिसताच त्यांनी क्षीणपणे हात उचलला. "आलात? उंट एक कमी आहे त्यात. चालवून घ्या."

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. हा माणूस आठवडाभर मरायची तयारी करत होता, ती माझ्या गोड बोलण्यावर विसंबून, आणि जाताना पट मला देत होता. माझे डोळे भरून आले. "पोस्टमास्तर," मी म्हटलं, आणि तेही नेमकं हळूच निघालं.

त्यांनी माझे भरलेले डोळे पाहिले, मान हलवली आणि स्वतःचे मिटून घेतले. मुलीनं हुंदका दिला. आत्याबाईंनी मोठ्यानं सूर लावला. मी पुन्हा प्रयत्न केला, घसा खाकरला, छाती भरून घेतली. "तुम्हाला काही झालेलं नाही!" पण ते इतकं मऊ आणि ओलं निघालं की सासूबाईही रडायला लागल्या. जन्मभर ज्या आवाजामुळे बदनाम झालो तो ऐन वेळी दगा देत होता.

आणि तेवढ्यात माझ्या मानेला गार वारा लागला.

मी वर पाहिलं. पंखा. भरधाव. त्यातही समाधान नव्हतं म्हणून पलंगाच्या पायथ्याशी एक टेबलफॅन, तोही सरळ नाकावर. आणि छातीवर ओला टॉवेल.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आता राहिलेच किती दिवस," पोस्टमास्तर खोकत म्हणाले. "म्हटलं जन्मभर पंखा लावला तो तुमच्या ओरडण्याच्या धाकात. शेवटी तरी मनासारखं झोपावं. टॉवेल वरच्या वहिनींनी सुचवला."

"पंखा?" मी म्हटलं. माझ्या आत कुठेतरी काहीतरी मोकळं झालं. "दोन पंखे? वर ओला टॉवेल? अहो, खोकला आहे तुम्हाला, खोकला! तुम्ही माणूस आहात की वाळत घातलेली चादर? उठा! उठा म्हणतो ना! ह्या वयात निमोनिया करून घ्यायचाय? मरणार म्हणे! मरायला अक्कल लागते! कोण म्हणालं मरणार? आणि चिठ्ठी कसली लावता पटावर? मागच्या डावात तुमचा वजीर मी मारला होता म्हणून पळून जाताय होय?"

खिडकीची काच थरथरली. खाली रस्त्यावर एक स्कूटर थांबली. सलूनमध्ये, नंतर कळलं, वस्तरा थांबला.

पोस्टमास्तर ताडकन उठून बसले. त्यांच्या गालांवर पाहता पाहता रंग चढला. "ओरडले," ते मुलीला म्हणाले. "अगं, ओरडले ते! ऐकलंस? चहा टाक!" आणि मग एकदम गंभीर होऊन, "वजीर नव्हता मारला तुम्ही. पाहुण्यांसमोर खोटं नका बोलू." मुलीनं आधी वडिलांना मिठी मारली, मग मला. आत्याबाईंनी सूर अर्ध्यावर सोडून कपबशा शोधायला घेतल्या. कोणीतरी पंखा बंद केला.

दार उघडून पाहतो तो जिन्यावर रांग. माझा आवाज ऐकून निम्मी गल्ली धावत आली होती. सर्वांत पुढे शिवणवाल्या ताई, पाय वर धरून. "डॉक्टर," त्या हात जोडून म्हणाल्या, "मलाही जरा."

"टाच दुखते ना? दाखवा ती चप्पल! ही चप्पल आहे की पत्र्याचा तुकडा? ही घालून दिवसभर मशीन मारता आणि मग रडत येता? मऊ चप्पल घ्या आणि लोकांची कापडं परत आणून शिवा!"

"अजून थोडं बोला ना," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

मी जिना उतरत गेलो आणि एकेकाला घेत गेलो. हार्डवेअरवाल्या थोरल्याला तळकट खाण्यावरून घेतलं, आणि धाकट्याला तो नुसता हसत उभा होता म्हणून घेतलं. वरच्या वहिनींना ओल्या टॉवेलवरून असं घेतलं की त्या म्हणाल्या, "बाई गं, किती बरं वाटलं." जिन्याखाली बंधुराज मोबाईल वर धरून उभे होते. "हेच ते, भावजी! हाच ब्रँड! 'ओरडा घ्या, घरी जा'!" मी त्यांनाही सोडलं नाही. ते कृतकृत्य दिसले.

संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. सकाळी उठलो तर आवाज पार गेलेला. नुसती हवा. आता डॉक्टर स्वतः आजारी पडला की काय होतं हे इतरांना कळायचं नाही. घशाचे जेवढे भयंकर रोग शिकलो होतो ते सगळे ओळीनं भेटायला आले. सौभाग्यवतींनी टॉर्च घेऊन माझ्या घशात पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बोलू नका हं तुम्ही." मी गुपचूप स्वतःची नाडी बघायला घेतली.

दवाखान्यात बाक भरून माणसं रस्त्यापर्यंत उभी. आणि त्यांतच हसत, गुच्छ घेऊन, मॅनेजर. महिनाअखेर होती. मी खुर्चीत बसलो, पहिल्या पेशंटकडे वाकलो आणि कुजबुजलो, "काय होतंय?" तो बिचारा पांढराफटक पडला. बाकावर 'हळू बोलले, हळू बोलले' असं पसरत गेलं. दोघे तर उठून काचेच्या दाराकडे निघालेही. आदल्या दिवशीचं सगळं पाण्यात जाणार, असं दिसायला लागलं.

इतक्यात पडदा बाजूला झाला. गरम पाण्याचा थर्मास घेऊन सौभाग्यवती आत आल्या. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "सांगा माझ्या कानात," ती म्हणाली. मी सांगितलं. तिनं मान वर केली.

"पाणी पीत नाही दिवसभर आणि डोकं दुखतं म्हणून येता? घरातला माठ काय शोभेचा आहे?"

पहिल्या पेशंटचा रंग परत आला. बाहेर बाकावर सुस्कारे सुटले. निघालेले दोघे परत येऊन बसले. ती माझ्याहून चांगली ओरडते, हे मला घरी ठाऊक होतं, पण त्याचा वैद्यकीय उपयोग आजवर सुचला नव्हता. मी कुजबुजत होतो, ती पोचवत होती. मध्ये मध्ये स्वतःचंही घालत होती.

मॅनेजर पुढे झाले. "डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर?"

मी तिच्या कानात सांगितलं.

"नाही म्हणतात!" ती म्हणाली. "जागा नाही आणि डॉक्टरही नाही. आणि तुमचे डोळे का असे ओढलेत? जेवता कधी? दिवसभर हसून हसून जबडा आखडला असेल! बसा त्या बाकावर, नंबर आला की या!"

मॅनेजरांचं हसू हळूहळू उतरलं. मी त्यांना पहिल्यांदाच न हसता पाहिलं. चांगला, भुकेजलेला, थकलेला माणूस होता. ते मुकाट्यानं शिवणवाल्या ताईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी बूट सैल केले.

मग ती माझ्याकडे वळली. थर्मासचं झाकण उघडून पाणी ओतलं आणि भरल्या दवाखान्यात, पडदा सताड उघडा असताना, सुरू झाली. "आणि तुम्ही! काल भर जिन्यात अख्ख्या गल्लीवर ओरडताना घशाचा विचार नाही केलात? वर रात्री थंडगार पाणी ढोसलंत, मला काय दिसलं नाही? डॉक्टर म्हणवता स्वतःला! प्या हे गरम! सगळं प्या!"

बाकावरची माणसं माझ्याकडे पाहून हसत होती. पोस्टमास्तरांनी कोपऱ्यातून अंगठा वर केला. तिचा आवाज केमिस्टच्या पलीकडे, सलूनच्याही पलीकडे गेला असणार, इतका मोठा होता. म्हणजे मला काहीही झालेलं नव्हतं. मी दोन्ही हातांत पेला धरला आणि सगळं पाणी प्यालो.